सुटे घेऊन या

उभे राहा सगळे. हो, चौदाही जण. पंचेचाळिशी ओलांडली, कुणाच्या डोक्यावर केस उरले नाहीत, कुणाच्या हाताखाली दोनशे माणसं आहेत, ते सगळं बाहेर ठेवून या. माझ्यासमोर तुम्ही दहावी 'ब' आहात.

गेल्या रविवारी नागावच्या त्या बंगल्यातून तुम्ही निघालात तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. मांडव्याहून रो-रो बोट पकडायची म्हणून पळापळ. माझ्या पाया पडून झालं, सेल्फी झाले, 'बाई, पुढच्या वर्षी परत' झालं आणि चार गाड्या फाटकाबाहेर. मला न्यायला भाचा पेणहून येणार होता, तो पोचला दीडला. मधले अडीच तास बाई पडवीत निवांत बसल्या असतील असं तुम्ही धरून चाललात. मी निवांत नव्हते. मी पर्यवेक्षण करत होते. सदतीस वर्षं तेच केलंय, सवय जात नाही.

तुमच्या शेवटच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत मागच्या वाडीतून दोघी आल्या. नणंद-भावजय. नावं सांगणार नाही, बंगल्याचंही सांगणार नाही. त्यांची रोजी तिथे आहे. केअरटेकरने सकाळीच निरोप दिला होता, एक वाजता दुसरी पार्टी येतेय, साखरपुड्याची. म्हणजे दोन तासांत चार खोल्या, चार न्हाणीघरं, स्वयंपाकघर, हॉल, पडवी, हिरवळ आणि तो निळा तलाव, ज्यात तुम्ही रात्री दीडपर्यंत म्हशींसारखे डुंबत होता.

आता मी काय पाहिलं ते सांगते. मान खाली घालायची असेल तर आत्ताच घाला.

फाटकाजवळ पाय धुवायला नळ आहे, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत पाटी आहे. पाटी वाचता येणारी मुलं मी शिकवली होती असा माझा समज होता. किनाऱ्यावरची वाळू तुम्ही थेट खोल्यांत नेलीत. न्हाणीघराच्या जाळीवर वाळू, शाम्पूच्या पुड्या आणि लांब केसांचा गुंता, आणि त्यावर साचलेलं पाणी. ती भावजय जाळी उचलून बोटांनी तो गुंता ओढत होती. पांढऱ्या टॉवेलने कुणीतरी गाडीची काच पुसली होती. मधल्या खोलीत चादरीवर मटणाच्या रश्शाचा तळहाताएवढा डाग, आणि तो झाकायला त्यावर उशी. पहिल्या बाकावरची, तू गप्प का? वहीवर शाई सांडली की त्यावर कंपासपेटी ठेवायचीस, तेच केलंस ना? तीस वर्षांत युक्ती तरी बदलायची!

जास्वंदीच्या कुंपणातून सहा बाटल्या निघाल्या. सिंकमध्ये पोह्यांचा लगदा बसला होता. कोंबडीची हाडं सोफ्याखाली कशी गेली याचं उत्तर मला लेखी हवंय.

आणि तो चकचकीत कागद. शनिवारी रात्री तुम्ही माझा सत्कार केलात. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि मग दोन्ही बाजूंनी त्या नळ्या फोडल्यात. माझं काळीज हललं, आणि अंगावर सोनेरी-रुपेरी कपट्यांचा पाऊस. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो पाऊस हिरवळीवर पडला, रात्री दव पडलं आणि सकाळी एकेक कपटा गवताच्या पात्याला चिकटून बसला. खराट्याने निघेना, केरसुणीने निघेना. शेवटी नणंद ओणवी बसली आणि चिमटीने वेचू लागली, तांदळातले खडे वेचावेत तशी. मी घड्याळ लावलं. बत्तीस मिनिटं. माझ्याही अंबाड्यातून दोन कपटे निघाले, म्हणजे या गुन्ह्यात मीही आहे. मी पायरी उतरून तिच्याबरोबर वेचायला बसले तर ती घाबरली. 'नका ओ मॅडम, मालक कॅमेऱ्यात बघतात.'

एवढं सगळं त्यांच्यासाठी ठेवून तुम्ही पैसे किती ठेवलेत? एक रुपयाही नाही. ओट्यावर मात्र अर्धी तेलाची बाटली, दोन काळी पडलेली केळी, वेफर्सचं उघडं पाकीट आणि ब्रेडचे कोपरे. 'हे मावशींना होईल,' असं कुणीतरी म्हणाल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आवाज ओळखला आहे. उरलंसुरलं देण्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुझ्या आईला विचार.

संध्याकाळी मी मॉनिटरला फोन केला. त्याने पाच जणांना विचारून कारणं गोळा केली आणि मला वाचून दाखवली. गृहपाठ न केल्याची कारणं मी आयुष्यभर ऐकली आहेत. ही त्यांच्याहून बरी नाहीत.

पहिलं कारण हिशेबनीस महाशयांचं. 'बाई, बिलात साफसफाईचे २,००० वेगळे लावलेत, मग पुन्हा कशाला?' अरे, ते २,००० कुणाच्या हातात पडले हे विचारलंस का? मी विचारलं. दोघींना मिळून ८००. बाकीचे धोब्याकडे, फिनेलमध्ये आणि मालकाकडे, आणि त्यात काही लबाडी आहे असंही मी म्हणत नाही. एअरबीएनबीसारख्या ठिकाणीसुद्धा हा आकार मालक ठरवतो आणि तो मालकाच्याच खात्यात जमा होतो. पुढे झाडणारीला किती द्यायचे हा त्याचा प्रश्न. नावात 'साफसफाई' आहे म्हणून पैसे केरसुणी धरणाऱ्या हातापर्यंत जातात असं मानणं म्हणजे विकास निधी भरला की वर्गात पंखा लागतो असं मानणं. आपल्या वर्गात पंखा कधी लागला, आठवतंय ना? तुम्ही पास होऊन गेल्यावर तीन वर्षांनी.

आणि हे चारशेसुद्धा रोजचे नाहीत. पार्टी बदलते त्या दिवसाचे. २०२० साली भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकर चारचाकीसकट तासाभरात समुद्र ओलांडून अलिबागेत उतरतात, पण उतरतात ते शनिवार-रविवारी. मंगळवारी बंगल्याला कुलूप असतं आणि त्या दोघींच्या हाताला कामही नसतं.

दुसरं कारण मात्र मला झोंबलं, कारण ते खरं आहे. 'बाई, द्यायचे कुणाला? समोर कुणी नव्हतंच.'

हे नीट ऐका. शनिवारी दुपारी अलिबागेत सुरमईचं ताट जेवलो. बिल झालं ७,८६०. वेटर बडीशेपेची बशी घेऊन आला, बिल त्या बशीखाली, आणि तो तिथेच उभा. तुम्ही ८,५०० टाकलेत आणि 'राहू दे' म्हणालात. ६४० रुपये, शेकडा आठ. कुणी कारण दिलं नाही, कुणी हिशेब केला नाही. त्याने काय केलं होतं? सोलकढी दोनदा वाढली आणि हसला. चांगलाच मुलगा होता, त्याला दिलेत ते बरोबरच. पण तुम्ही ते त्याला दिले की त्याच्या नजरेला दिलेत? बशी समोर नसती, तो पाठमोरा असता, तर राहू दिलं असतंत?

तुमच्या केसांचा गुंता जिने बोटांनी काढला ती तुम्ही गेल्यावर येते. या कामाची रीतच ती आहे. वेटर हसतो, ड्रायव्हर डिकी उघडतो, न्हावी मान चोळून देतो. तिने तर तुम्हाला पाहिलेलंही नाही. तिला तुमची ओळख तुमच्या घाणीवरून होते. कुठल्या खोलीत कोण झोपलं, कोण सिगरेट ओढतं, कुणाला रात्री उलटी झाली, हे तिला तुमच्या बायकोच्या आधी कळतं. आणि तुम्ही तिच्यासाठी काही ठेवलं नाहीत, तर ओरडायला ती समोर नाही. पेपर तपासणारा दिसत नाही म्हणून कुणी उत्तर अर्धवट सोडतं का? तुमच्यापैकी काही जण सोडायचे म्हणा.

तिसरा शहाणा कायद्याचा. हॉटेलात सेवा शुल्क लावलं म्हणून मॅनेजरशी भांडला होतास, त्याची गोष्ट शनिवारी दोनदा सांगितलीस. तुझं बरोबर होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं की बिलात परस्पर सेवा शुल्क घालायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. ते ग्राहकाच्या इच्छेवर आहे, हा तुझा पालुपदाचा शब्द. पण इच्छेवर सोडलं याचा अर्थ इच्छा असायला हवी, एवढं तरी समजून घे. सक्ती नाही म्हणून भांडलास, आणि सक्ती नाही म्हणूनच दिले नाहीस. तुझ्या इच्छेला वाट तरी कुठून?

न्यू जर्सीहून आलेल्याने तर मला जगाचा भूगोल शिकवला. 'तिकडे टिपचा अतिरेक झालाय बाई, म्हणून मी आता तत्त्वाने...' तिकडची गोष्ट वेगळी आहे हे मलाही माहीत आहे. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलंय. काही राज्यांनी आपापलं जास्त ठेवलंय, पण बाकी पोट टिपवर. तिथे वीस टक्के देताना तुझं तत्त्व कुठे असतं? विमानात राहतं का? आणि 'जपानमध्ये टिप म्हणजे अपमान,' हे जे मध्येच कुणीतरी बोललं, त्याने जपान अर्धाच शिकलाय. विश्वचषकाचा सामना संपल्यावर जपानी प्रेक्षक निळ्या पिशव्या घेऊन स्टेडियममधला कचरा उचलतात, हे साऱ्या जगाने पाहिलंय. तू सोफ्याखालची हाडं उचल, मग टिप ठेवू नकोस, मी एक शब्द बोलणार नाही.

शेवटचं कारण आमच्या संघटनावाल्याचं, आणि पाचांत तेवढंच विचार करण्यासारखं आहे. 'बाई, टिप दिली की मालकाला पगार कमी द्यायला रान मोकळं मिळतं. पगार वाढला पाहिजे.' मान्य. २०१४ साली मॅरियटने अमेरिका-कॅनडातल्या हॉटेलांच्या खोल्यांत टिपसाठी पाकिटं ठेवायला घेतली, तेव्हा लोकांनी हेच विचारलं होतं की पाकिटं छापण्यापेक्षा पगार का वाढवत नाही? चोख प्रश्न. तर मग तू मालकाला तो विचारलास का? बुकिंग करताना, 'साफ करायला कोण येतं, त्यांना काय देता?' असा एक फोन? निघाल्यावर अभिप्रायात पाच तारे ठोकलेस, समुद्राची हवा आणि मऊ गाद्या लिहिल्यास. त्या गाद्यांवर चादर ओढणारीच्या रोजीबद्दल एक ओळ लिहिलीस? नाही. मग तुझं तत्त्व फक्त पाकिटापुरतंच आहे, बाळा. बस खाली. नको, उभाच राहा.

आपल्याकडे हे कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. दिवाळीला पोस्टमन, दूधवाला, कचरा नेणारी बाई, सगळ्यांना पोस्त मिळायची. मागणाऱ्याला ती मागायला लाज वाटत नसे. (देताना घासाघीस व्हायची, तेही खरं. माझे वडील आठ आण्यांसाठी अर्धा तास बोलायचे. पण द्यायचे.) लग्नात तुम्ही अजूनही पाचशेवर एक रुपया चिकटवून ५०१ चं पाकीट देता, ज्याच्या घरी तुम्हाला पुन्हा जेवायला जायचंय त्याला. त्या एक रुपयाची काळजी आहे, आणि इथे...

जाऊ दे. पाटी-पेन्सिल घ्या.

बंगल्याचं दोन रात्रींचं भाडं ४२,०००. तुम्ही चौदा जण. माणशी ३,०००. प्रत्येकाने शंभर काढले असते तर १,४००. दोघींना सातशे-सातशे. तीन हजारांवर शंभर म्हणजे शेकडा साडेतीनसुद्धा होत नाहीत. वेटरच्या निम्म्याहून कमी. हा आकडा देवाने सांगितलेला नाही, माझा आहे. दोघंच एका छोट्या घरात राहिलात तर रात्रीला शंभर-दीडशे धरा. घाण करून ठेवलीत, म्हणजे वाढदिवस, कुत्रा, रंग, उलटी, तर दुप्पट. आणि हात जोडून आधी सांगा, 'तिसऱ्या खोलीत असं असं झालंय.' चकचकीत कागद उडवलात तर तिप्पट. तो माझा खास नियम आहे.

हॉटेलात रोज वेगळी व्यक्ती खोली आवरू शकते, म्हणून तिथे रोजच्या रोज ठेवायचे. शेवटच्या दिवशी ठेवले तर पहिल्या तीन दिवसांचे चौथ्या दिवशीच्या माणसाला जातात. बंगल्यात साफसफाई शेवटी एकदाच, म्हणून शेवटी. आठवडाभर राहून मध्ये बोलावलीत, तर त्या त्या वेळी. कोकणात घरगुती निवास असेल, घरचीच वहिनी घावणे करते आणि घरचाच दादा लादी पुसतो, तिथे त्यांच्यापुढे नोट धरून त्यांना अवघडवू नका; ते घरधनी आहेत, ठरलेलं भाडं घासाघीस न करता द्या. पण मागच्या अंगणात भांडी घासणारी कुणी असेल तर तिच्यासाठी वेगळे काढा.

केअरटेकरच्या क्यूआरवर पैसे टाकून 'सगळ्यांना वाटून द्या' म्हणू नका. सगळे केअरटेकर वाईट नसतात, पण 'सगळे' म्हणजे कोण हे तोच ठरवतो. मी त्या भावजयीला विचारलं, तुझा नंबर दे, मुलं फोनवर पाठवतील. ती म्हणाली, फोन नवऱ्याचा आहे. पुढचं ती बोलली नाही, मी विचारलं नाही. तेव्हा रोख, हातात, दोघी असतील तर दोघींना वेगवेगळे. अकराला थांबायला काय झालं होतं? रो-रो काय, पुढचीही असते.

आता मी स्वतः काय केलं ते ऐका, म्हणजे कळेल की बाईंनाही सगळं येत नव्हतं. दीड वाजता भाच्याची गाडी फाटकात आली तेव्हा मी पर्समधून पाचशेची नोट काढून नणंदेपुढे धरली. तिने हात पुढे केला नाही. पदराला हात पुसत राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, लिहून द्याल?'

मला कळेना. मग तिने सांगितलं. मागे एकदा उशीखाली दोनशे रुपये सापडले. आपल्यासाठीच ठेवलेत असं समजून तिने घेतले. दोन दिवसांनी पार्टीचा फोन, आमचे पैसे राहिले. दोनशे परत गेले, वर महिनाभर बोलणी खाल्ली, आणि तेव्हापासून उशीखाली, टेबलावर, कुठेही नोट दिसली तरी ती हात लावत नाही. केअरटेकरला बोलावून दाखवते. म्हणजे कुणी भल्या मनाने नोट ठेवून गेलं तरी त्यावर नाव नसेल तर ती तिची होत नाही. तेव्हा पाकीट ठेवा, त्यावर ठळक अक्षरात 'साफसफाई करणाऱ्या ताईंसाठी' लिहा, आणि मालकाला तसा निरोप धाडा. नुसती नोट ठेवून तुम्ही तिला चोर ठरण्याची भीती देऊन जाता.

मी पेन काढलं. कागद सापडेना, तेव्हा तुमच्या सत्काराच्या कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू घेतली. लिहिलं, 'रु. ५०० मी माझ्या खुशीने दिले आहेत.' खाली सही, तारीख, वेळ. सदतीस वर्षं रजेचे अर्ज वाचले, दाखल्यांवर सह्या केल्या. बक्षिशीचा दाखला आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. तिने तो चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि नोट नंतर घेतली. मग भावजयीकडे बघितलं. पाचशेची एकच नोट, माणसं दोन, आणि दोघींकडे सुटे नाहीत. माझ्याकडेही नव्हते. म्हणजे माझंही गणित चुकलं.

तुमच्या त्या शालीवर १,१५० चं लेबल राहिलं होतं, बरं का. अशा अकरा शाली माझ्या कपाटात आहेत.

मॉनिटर, हजेरीची यादी काढ. शनिवारी भाचा कामासाठी अलिबागला जातोय, नागावला वाकडी वाट करून जाईल. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत चौदाही जणांचे पैसे माझ्याकडे पोचले पाहिजेत. तुझ्याकडून हिशेब मी घेईन. माणशी शंभर, आणि चकचकीत कागदाचा तिप्पट नियम यंदापुरता माफ. न्यू जर्सीवाला रुपयांतच देईल, डॉलरचा भाव मला शिकवायचा नाही. दोन पाकिटं मी आणून ठेवली आहेत, वर लिहूनही ठेवलंय. नोटा शंभराच्याच. कुणी पाचशेची पुढे करून 'बाई, सुटे नाहीत' म्हणालं, तर मी अख्खी नोट ठेवून घेईन.